व्हिजिटिंग कार्डवाला 'सैतानाचा श्वास': खरं काय नि खोटं काय

तो मेसेज तुम्हालाही आलाच असेल, कुणीतरी गुंगीचं औषध लावलेलं कार्ड हातात देतो, पत्ता विचारतो आणि तुम्ही क्षणात गुंगून जाता नि घरातलं सोनं स्वतःच काढून देता. वर्षानुवर्षं फिरतोय, दरवेळी फक्त शहर बदलतं.

यात खरं एवढंच की ज्याला 'सैतानाचा श्वास' म्हणतात ते स्कोपोलामाइन नावाचं औषध खरंच आहे. दक्षिण अमेरिकेतल्या ब्रुगमॅन्सियाच्या झाडात ते असतं, कोलंबियात त्याला बोराचेरो म्हणतात, खाली लोंबणारी मोठ्ठी कर्ण्यासारखी फुलं, आपल्या धोतऱ्याचं नात्यातलंच. तिथल्या सिबुंदोय खोऱ्यातले कामेंत्सा आणि इंगा लोक त्याची पानं सांधेदुखीवर, सुजेवर बाहेरून बांधतात, आणि पोटात घ्यायचं तर ते जाणत्या वैदूचंच काम.

आता कार्डाचं बघू. हेच औषध गाडी लागू नये म्हणून कानामागे चिकटवायच्या पट्टीत मिळतं. पट्टी खास कातडीतून औषध आत जावं म्हणून बनवलेली, तरी ती प्रवासाच्या निदान 4 तास आधी लावावी लागते आणि 3 दिवसांत मिळून जेमतेम 1 मिलिग्रॅम औषध देते. मग दोन सेकंद धरलेल्या कागदाने माणूस रोबो कसा होणार, सांगा बरं!

कोलंबियात लुटालूट होते ती खरी, पण बहुतेक वेळा पेयातून किंवा खाण्यातून. शिवाय माणूस सांगाल ते करणारा रोबो होत नाही हो, तो गोंधळतो, बरळतो, नंतर काही आठवत नाही, आणि डोस जास्त झाला तर जिवावर बेततं. म्हणजे कार्ड बिनधास्त घ्या, ट्रेनमध्ये अनोळखी माणसाने दिलेला चहा-बिस्कीट मात्र नको.