औष्णिक राशींची मितीवरून ओळख

सूत्रातून किंवा एककावरून राशीची मिती (ती मूलभूत राशींच्या कोणत्या घातांनी बनते ते) काढून ती कोणती औष्णिक राशी असावी हे ठरवण्याची पद्धत. राशींना मिती असतात हा विचार उष्णतेच्या अभ्यासातूनच पुढे आला. जोसेफ फूरिये यांनी १८२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उष्णतेवरील ग्रंथात तो मांडला. पुढे कंसांत वस्तुमान, लांबी, काल आणि तापमान यांचे घात याच क्रमाने दिले आहेत.

उष्णता म्हणजे ऊर्जाच: (१, २, −२, ०). तिला वस्तुमानाने भागले की अप्रकट उष्मा, म्हणजे तापमान न बदलता वितळताना किंवा वाफ होताना लागणारी उष्णता (०, २, −२, ०), शिवाय तापमानातील फरकाने भागले की विशिष्ट उष्मा, म्हणजे तापमान वाढवण्यास लागणारी उष्णता (०, २, −२, −१). पदार्थातून उष्णता किती सहज वाहते ते सांगणारी औष्णिक संवाहकता (१, १, −३, −१). अनोळखी राशीत आधी तापमानाचा घात पाहावा. तो −४ आला, तर स्टीफनचा स्थिरांक (१, ०, −३, −४) डोळ्यांपुढे यावा; त्याला केल्विनमधील तापमानाच्या चौथ्या घाताने गुणले की काळ्या पृष्ठभागाचे उत्सर्जन मिळते.

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. तेव्हा कूलरमधून तासाला १० लिटर पाण्याची वाफ होत असेल, तर १० किग्रॅ भागिले ३६०० सेकंद, गुणिले पाण्याचा अप्रकट उष्मा, सुमारे २४ लाख जूल प्रति किग्रॅ. घातांची बेरीज (१, २, −३, ०), म्हणजे शक्ती. उत्तर सुमारे ६.७ किलोवॉट. अप्रकट उष्म्याऐवजी चुकून विशिष्ट उष्मा घातला, तर तापमानाचा −१ घात उरतो आणि चूक तिथेच सापडते.

दुपारी तापलेली भिंत रात्री खोलीत उबारा सोडते, त्याचाही अंदाज असाच निघतो. संवाहकतेला घनता व विशिष्ट उष्मा यांच्या गुणाकाराने भागले की (०, २, −१, ०) उरते. ही विसरणशीलता, म्हणजे उष्णता पदार्थात पसरण्याचा वेग दाखवणारी राशी; वस्तुमान आणि तापमान दोन्ही गळाले. विटेसाठी ती साधारण ०.५ चौ. मिमी प्रति सेकंद. २३० मिमी जाडीच्या वर्गाला तिने भागल्यास सुमारे २९ तास येतात. प्रत्यक्ष उशीर मात्र ७-८ तासांचाच, कारण उन्हाचे २४ तासांचे आवर्तन आणि संख्यात्मक गुणक मितीतून कळत नाहीत.

उष्माधारकता (संपूर्ण वस्तूचे तापमान एक अंशाने वाढवण्यास लागणारी उष्णता), एन्ट्रॉपी (व्यवस्थेतील अव्यवस्थेचे माप) आणि बोल्ट्झमन स्थिरांक (तापमान व कणांची ऊर्जा जोडणारा) या तिघांची मिती एकच (१, २, −२, −१). तिथे संदर्भच पाहावा लागतो. सेल्सिअस-केल्विनची गफलतही मितीला दिसत नाही. ४५ अंशांचा काळा पृष्ठभाग दर चौरस मीटरला सुमारे ५८० वॉट उत्सर्जित करतो. स्टीफनच्या सूत्रात ३१८ केल्विनऐवजी (४५ अंश सेल्सिअस) ४५ घातले, तर पाव वॉटही येत नाही, आणि मिती मात्र बिनचूक जुळते.