प्लवकांचे रात्रसंकलन

प्रवाहाविरुद्ध पोहण्याची ताकद नसल्याने पाण्याबरोबर वाहत राहणाऱ्या लहानमोठ्या सजीवांना प्लवक म्हणतात. अंधार पडल्यावर जाळे सोडून ते गोळा करणे हे ध्रुवीय संशोधन सफरींतले नेहमीचे काम आहे. त्याचा लहानसा अवतार कोल्हापुरात रंकाळा तलावाच्या काठीही करता येतो.

अनेक प्राणिप्लवक (प्लवकांतले प्राणी) दिवसा खोल पाण्यात राहतात, कारण उजेडात मासे त्यांना टिपतात. रात्री ते चरायला वर येतात. दुसऱ्या महायुद्धात सोनारवर (ध्वनीच्या प्रतिध्वनीतून पाण्याखालचे टिपणाऱ्या यंत्रावर) समुद्राचा ‘तळ’ संध्याकाळी वर सरकताना दिसू लागला, तो याच जीवांचा थर होता. शिवाय अंटार्क्टिकाभोवतीच्या दक्षिण महासागरातला क्रिल (कोळंबीसारखा जीव, लांबी ६ सेंमीपर्यंत) उजेडात जाळे पाहून बाजूला होतो. म्हणून दिवसाच्या जाळ्यात क्रिल थोडा आला, तर तो तिथे थोडाच आहे असे धरता येत नाही.

जाळे नायलॉनचे आणि शंकूसारखे असते. प्राणिप्लवकांसाठी त्याची छिद्रे साधारण २०० मायक्रॉनची (०.२ मिलिमीटर) ठेवतात. टोकाला नमुना साठण्याचा डबा आणि तोंडाशी प्रवाहमापी बसवतात. विंचने (दोर गुंडाळणाऱ्या यंत्राने) ते खाली सोडून सावकाश वर ओढतात. ६० सेंमी व्यासाचे तोंड असेल आणि ओढ २०० मीटरची असेल, तर सुमारे ५६ हजार लिटर पाणी गाळले जाते. आपल्याकडच्या दहा हजार लिटरच्या टँकरांच्या हिशेबात साडेपाच टँकर. वर आलेले जाळे समुद्राच्याच पाण्याने, पण बाहेरून धुतात. आतून धुतले तर त्या पाण्यातले प्लवक नमुन्यात मिसळतील. उणे तापमानात ओले कापड पाहता पाहता कडक होते, त्यामुळे डबा रिकामा करताना हात झटपट चालवावे लागतात. मोजणीसाठीचा भाग ४ टक्के फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात, डीएनएसाठीचा अल्कोहोलमध्ये.

ध्रुवाकडे खरी अडचण रात्रीचीच असते. ‘भारती’ हे भारताचे केंद्र ६९° दक्षिणेला आहे. तिथे डिसेंबरात सूर्य मावळतच नाही, त्यामुळे रात्र फक्त घड्याळात उरते. ६०° दक्षिणेला तो मावळतो, पण मध्यरात्रीही क्षितिजाखाली जेमतेम साडेसहा अंश जातो, त्यामुळे पूर्ण काळोख होत नाही. उलट आर्क्टिकच्या हिवाळ्यात महिनोन्‌महिने काळोख असतो, आणि तिथे प्लवकांची ये-जा चंद्रप्रकाशावर चालते असे आढळले आहे. त्या काळोखात जहाजाचे दिवे २०० मीटर खोलीपर्यंतच्या प्राण्यांचे वागणे बदलतात, हे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसले. तेव्हा डेकवर लख्ख उजेड ठेवून घेतलेल्या नमुन्याला ‘रात्रीचा नमुना’ म्हणणे धाडसाचेच.

१९८१-८२ च्या पहिल्या भारतीय अंटार्क्टिका मोहिमेचे नेते सय्यद झहूर कासिम हे स्वतः सागरी जीवशास्त्रज्ञ होते. पुढे १९९५-९६ मध्ये ‘सागर संपदा’ हे जहाज खास क्रिलच्या शोधात दक्षिण महासागरात गेले.

कोल्हापूर १६.७° उत्तरेला असल्याने रात्रीची वानवा नाही. वर्षातल्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसात फरक फार तर दोन तासांचा. रंकाळ्यासारख्या तलावात विंच लागत नाही. बादलीने मोजून ५० लिटर पाणी बारीक जाळीतून ओतायचे, खालच्या बाटलीत उरलेल्या नमुन्यात तो टिकवण्यासाठी ल्युगॉल आयोडीन (आयोडीनचे द्रावण) घालायचे आणि १ मिलिलिटर पाणी मावणाऱ्या सेजविक-राफ्टर या मोजणीच्या काचेवर सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे. रोटिफर, सायक्लोप्स, मोइना असे गोड्या पाण्यातले प्राणिप्लवक या पद्धतीने मिळतात. क्रिलची अपेक्षा अर्थातच नको.

त्रास देते ती मायक्रोसिस्टिस ही नील-हरित शैवाल. पेशींतल्या वायुकोशांमुळे तिचा तवंग वर तरंगतो आणि जाळीची छिद्रे बुजतात. अशा वेळी पाणी थोडे-थोडे ओतावे आणि जाळी मधूनमधून धुवावी. केंदाळ साचलेला कोपराही टाळावा, कारण मुळांना चिकटून राहणारे जीव नमुन्यात येतात आणि मोकळ्या पाण्याचा हिशेब चुकतो. चौपाटीवरचे दिवे आणि भेळेच्या गाड्यांचा झगमगाट इथे जहाजाच्या डेकइतकाच आड येतो. म्हणून काठ अंधारा निवडावा, टॉर्च पाण्यावर न धरता वहीवर धरावी, आणि वेळेसोबत चंद्राची तिथी व जवळचा दिवा किती अंतरावर आहे हेही लिहून ठेवावे.