डेटा देशात असणं वेगळं, ताब्यात असणं वेगळं

गोव्यात फोंड्यातल्या एका पतसंस्थेच्या बैठकीत सॉफ्टवेअर विकायला आलेल्या माणसाने ठासून सांगितलं, "सगळा डेटा मुंबईच्या सर्व्हरवर. म्हणजे पूर्ण स्वदेशी." संचालकांनी माना डोलावल्या आणि बैठक पुढच्या विषयाकडे वळली. एआय, डिजिटल सार्वभौमत्व, अमेरिका-चीन असा वाद कुठेही पेटला की हेच वाक्य वेगवेगळ्या तोंडून ऐकू येतं, आणि दर वेळी मला समोरच्याला तिथेच थांबवावंसं वाटतं. सर्व्हर मुंबईत आहे, हा झाला डेटाचा पत्ता. सार्वभौमत्व म्हणजे ताबा.

पत्त्याचा भाग बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून लांबवत नाही. एप्रिल 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेने पेमेंटच्या व्यवहारांचा डेटा भारतातच साठवायला सांगितलं आणि त्यासाठी सहा महिने दिले. ते योग्यच होतं, कारण तपासणीची वेळ आली तर आपल्या नियामकाचा हात तिथपर्यंत पोचतो. एक दुरुस्ती मात्र करायलाच हवी. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा सगळा डेटा देशातच ठेवा असं सरसकट सांगत नाही. कलम 16 प्रमाणे सरकार अधिसूचना काढून ठरावीक देशांत डेटा पाठवायला मनाई करू शकतं, एवढंच. "कायद्यानेच आता डेटा बाहेर जात नाही" असं सांगणाऱ्यांनी ते कलम एकदा वाचावं.

खरी गफलत पुढे आहे, आणि गोव्यातल्या माणसाला ती समजायला संगणक लागू नये. पोर्तुगीज अमलात इथल्या लोकांनी बांको नासिओनाल उल्त्रामारीनो या पोर्तुगीज बँकेत दागिने गहाण ठेवले होते. माणसं इथली, दागिने इथले, तिजोरीही इथलीच. गोवा मुक्तीच्या तोंडावर, 1961 मध्ये, ते सोनं लिस्बनला गेलं. परत यायला 1991 उजाडलं. मधल्या काळात सोनं कुणाचं याबद्दल घरातल्या कुणालाच शंका नव्हती. पण बँक लिस्बनची होती आणि तिजोरीची किल्ली लिस्बनचा हुकूम मानत होती. मालकाच्या हातात तीस वर्षं पावती राहिली.

मुंबईतला सर्व्हर अमेरिकन कंपनीचा असेल तर बांधणी हीच आहे. एका खटल्यातले ईमेल आयर्लंडमध्ये, डब्लिनच्या सर्व्हरवर होते. अमेरिकन तपास यंत्रणेने 2013 मध्ये मायक्रोसॉफ्टकडे ते मागितले. ते तिथून आणायला लावता येतील का, हा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. निकाल लागायच्या आतच, मार्च 2018 मध्ये, अमेरिकेने क्लाउड कायदा केला आणि प्रश्न मिटवून टाकला: डेटा कंपनीच्या ताब्यात किंवा नियंत्रणात असेल, तर तो जगात कुठेही साठवलेला असो, रीतसर आदेश आल्यावर द्यायचा. अमेरिकन सरकार रोज आपल्या ठेवीदारांची खाती चाळत बसलंय, असा याचा अर्थ अजिबात नाही. आदेश लागतो, कंपनीला हरकतही घेता येते. पण आदेश तिथल्या न्यायालयाचा, हरकत कंपनीची. यात फोंड्याची पतसंस्था कुठेच नाही. फ्रान्सच्या सिनेटने जून 2025 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या तिथल्या अधिकाऱ्याला शपथेवर विचारलं, फ्रेंच नागरिकांचा डेटा फ्रेंच सरकारच्या संमतीशिवाय अमेरिकेच्या हाती जाणार नाही याची हमी देता का? नाही देऊ शकत, असं त्याने सांगितलं.

यावर लगेच उत्तर येतं: डेटा सांकेतिक रूपात कुलूपबंद करा (एन्क्रिप्शन), किल्ली आपल्याकडे ठेवा. बरोबर आहे, मीही हेच सुचवतो. मग कंपनीला देता येतो तो नुसता गिचमिड मजकूर. पण किल्ली वाचण्यापुरती. सेवा बंद पडण्यापासून ती वाचवत नाही, आणि माझ्या मते जास्त मोठा धोका तोच आहे.

जुलै 2025 मध्ये युरोपीय संघाने नायरा एनर्जीवर निर्बंध घातले. वाडिनारला तेलशुद्धीकरण कारखाना असलेली ही भारतात नोंदलेली कंपनी, तिच्यात रशियाच्या रोसनेफ्टचा साधारण 49 टक्के वाटा. पुढच्या काही दिवसांत मायक्रोसॉफ्टने तिला दिलेल्या सेवा थांबवल्या. पैसे भरलेले परवाने असूनही स्वतःचाच डेटा उघडता येईना, म्हणून कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. मग सेवा परत सुरू झाल्या. भारताच्या कायद्याने त्या कंपनीवर बोट ठेवलं नव्हतं. फाइल कुणी वाचली नाही, चोरली नाही. फक्त बटण दाबलं.

खाजन शेती, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेली भातशेती, पाहिलेल्याला हे लगेच कळेल. शेत तुमचं, भात तुमचं, बांधही धड. पण मानशीचं, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या वाटेचं, दार दुसऱ्याच्या हातात असेल आणि त्याने ते भरतीला मासळीसाठी उघडं टाकलं, तर खारं पाणी आत येतं आणि पीक जातं. जमिनीचा उतारा दाखवून ते पाणी मागे फिरत नाही.

एआयच्या बाबतीत हाच घोळ उलट्या बाजूने होतो. जानेवारी 2025 मध्ये डीपसीक या चिनी कंपनीचं आर1 हे एआय मॉडेल आलं तेव्हा "चिनी आहे, हात लावू नका" असा एकच गलबला झाला. त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवल्या गेल्या. डीपसीकचं ॲप वापरलं तर तुमचे प्रश्न चीनमधल्या सर्व्हरवर जातात, ते मी वापरणार नाही. पण त्याच मॉडेलचे वेट्स, म्हणजे शिकवणीतून तयार झालेले आकडे ज्यांवर ते चालतं, खुले आहेत. ते उतरवून पणजीतल्या यंत्रावर, इंटरनेटची वायर काढून चालवलं, तर एक अक्षरही बाहेर जात नाही आणि बीजिंगमधून ते कुणाला बंद करता येत नाही. त्याच्या उत्तरांत शिकवणीचा चिनी कल उरतो, अरुणाचलबद्दल त्याला विचारून भागणार नाही. तो उत्तराच्या खरेपणाचा प्रश्न आहे, ताब्याचा नव्हे. उलट, तिरंगी बोधचिन्ह लावलेलं एखादं "देशी" ॲप आतून प्रत्येक प्रश्न अमेरिकन कंपनीच्या मॉडेलकडे धाडत असेल, तर कंपनी पुण्याची असून काय उपयोग? मला विचाराल तर मी पणजीतल्या यंत्रावरचं ते चिनी मॉडेल निवडेन. देशी मॉडेल देशी यंत्रांवर चालावं ही तर माझी मनापासूनची इच्छा आहे. त्यासाठीच मार्च 2024 मध्ये केंद्राने इंडियाएआय मिशनला 10,000 कोटींहून जास्त रक्कम मंजूर केली. पण तिथेही चिप बाहेरूनच येतात, हे त्या चर्चेत कुणी मोठ्याने बोलत नाही.

त्या बैठकीत शेवटी मी त्या विक्रेत्याला तीन गोष्टी विचारल्या. कंपनी कुठल्या देशाच्या कायद्याखाली आहे, किल्ली कुणाकडे, आणि उद्या तुम्ही सेवा थांबवली तर आमच्या खातेवह्या आम्हाला कुठल्या स्वरूपात मिळतील? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं त्याने फोन करून मिळवली. तिसऱ्याचं उत्तर त्याच्या कार्यालयातही कुणाकडे नव्हतं, म्हणून ते कलम आम्ही स्वतः लिहून करारात घातलं. आता दर शनिवारी संस्थेची सचिव सगळ्या खात्यांची प्रत एका साध्या डिस्कवर उतरवून कपाटात ठेवते, आणि महिन्यातून एकदा ती दुसऱ्या संगणकावर उघडते का ते पाहते. पहिल्या वेळी उघडली नव्हती.