जबड्याखाली पाणी उतरलं: गोल जंत की लिव्हरमधला चपटा जंत?

दिवाळी सरली की कृष्णाकाठच्या गोठ्यांत एक तक्रार हमखास कानावर येते. गाय खाते, पण अंगी लागत नाही, दूध उतरलंय, खालच्या जबड्याखाली मऊ सूज लोंबतेय. जंत असणार म्हणून दुकानातून बाटली येते, पाजली जाते, आणि पंधरा दिवसांनी गाय होती तशीच. मग औषध बोगस ठरतं. बहुतेक वेळा औषध चांगलंच असतं, पण ते दुसऱ्या जंताचं असतं.

ती सूज दोन अगदी वेगळ्या जंतांमुळे येते. दोघंही जनावराचं रक्त आणि त्यातली प्रथिनं घालवतात. प्रथिनं घटली की पाणी रक्तवाहिन्यांबाहेर झिरपतं, आणि चरताना मान खाली असल्यामुळे जबड्याखाली साठतं. त्यामुळे नुसत्या सुजेवरून कोणता जंत ते सांगता येत नाही. एक मात्र आधी बघा: सूज गरम असेल, हात लावू देत नसेल, ताप फणफणला असेल आणि श्वास घरघरत असेल, तर हा जंताचा मामला नाही. घटसर्प, म्हणजे जनावरांना होणारा जीवघेणा जिवाणूजन्य आजार, असू शकतो, तासाभराचाही उशीर करू नका.

गोल जंतांत सगळ्यात त्रासदायक हिमोंकस. सुतासारखा बारीक, दोन-तीन सेंटिमीटरचा. पोटाच्या चौथ्या कप्प्यात चिकटून रक्त पितो. त्याचा प्रवास सरळ आहे. शेणातून अंडी पडतात, पावसाळी उबदार हवेत आठवडाभरात अळी तयार होते, ओल्या गवतावर चढते आणि गवताबरोबर पोटात जाते. तीन-चार आठवड्यांत पुन्हा शेणात अंडी. म्हणून जून-जुलैच्या पावसानंतर थोड्याच दिवसांत वासरं आणि कालवडी खंगायला लागतात: केस राठ, पापणीची आतली बाजू पांढरी. हिमोंकस एकटाच असेल तर हगवण असेलच असं नाही. इतर गोल जंत सोबतीला असले की शेण पातळ होतं.

चपटा जंत, म्हणजे लिव्हर फ्लूक, पानाच्या आकाराचा असतो. आपल्याकडच्या जातीचा पूर्ण वाढलेला जंत पाच-सात सेंटिमीटरपर्यंत जातो आणि यकृताच्या पित्तनलिकांत राहतो. त्याचं अंडं पाण्यात पडलं तरच पुढे सरकतं. त्यातून निघालेल्या अळीला पाण्यातल्या एका लहान, पातळ कवचाच्या गोगलगायीच्या अंगात शिरावं लागतं. (सोयाबीनचा फडशा पाडणारी शंखी गोगलगाय ती ही नव्हे.) गोगलगायीत एका अळीच्या शेकडो होतात, बाहेर पडून पाण्याच्या कडेच्या गवताला चिकटतात आणि भोवती कवच करून वाट बघत बसतात. पाणी ओसरतं, तिथं हिरवं लुसलुशीत गवत दिसतं आणि आपण गाय तिथंच सोडतो. पोटात गेलेला कोवळा जंत आतडं भेदून यकृतात घुसतो आणि दोन महिन्यांहून जास्त काळ ते पोखरत हिंडतो. अंडी घालायला त्याला तीन-चार महिने लागतात. पावसाळ्याच्या शेवटी खाल्लेलं गवत हिवाळ्यात बाधतं ते यामुळे.

वयही बरंच सांगून जातं. मोठ्या गायीत गोल जंतांविरुद्ध बऱ्यापैकी प्रतिकारशक्ती आलेली असते. फ्लूकविरुद्ध ती तशी येत नाही. चार वेतांची गाय हिवाळ्यात सुजली तर मी आधी फ्लूकचा संशय घेईन, पहिल्या पावसाळ्यातली कालवड सुजली तर गोल जंताचा. आणि लगेच विचारीन, चरते कुठं? माण, खटाव, जतच्या कोरड्या माळावर फ्लूकला थारा कमी. वाळवा, पलूस, मिरजेची चिबड रानं, उसाचे तुंबलेले चर, पाटण-जावळीची भाताची खाचरं ही त्याची जागा. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी पोचलेल्या आटपाडीसारख्या भागातही आता कालव्याच्या पाझराकडे लक्ष हवं. जनावर गोठ्याबाहेर पडत नाही म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी ओढ्याकाठचा कापून आणलेला हिरवा चाराही धोक्यात धरावा, कारण कवचातला जंत त्याच्याबरोबर गव्हाणीत येतो.

खात्री शेण तपासूनच होते, पण तिथंही एक मेख आहे. गोल जंताची अंडी हलकी, मिठाच्या दाट पाण्यात वर तरंगतात. फ्लूकची जड, तळाशी बसतात. नुसती तरंगवून तपासणी केली तर फ्लूक निसटतो, म्हणून नमुना देताना तरंगवून आणि तळाशी बसवून अशा दोन्ही तपासण्या करा असं स्पष्ट सांगा. कोवळा जंत अंडी घालतच नाही आणि पित्तातून अंडी रोज सारखी येत नाहीत. तेव्हा एकदा अंडी दिसली नाहीत म्हणून फ्लूक नाही असं समजू नका.

औषधाचा घोळ इथंच होतो. आयव्हरमेक्टिन आणि फेनबेंडाझोल गोल जंतावर चालतात, फ्लूकवर नाहीत. अल्बेंडाझोल जास्त मात्रेत मोठा फ्लूक मारतं, यकृतात हिंडणारा कोवळा नाही. शिवाय नुकत्याच गाभण राहिलेल्या गायीला ते देऊ नये. ऑक्सिक्लोझानाइड मोठ्या फ्लूकचं आहे, गोल जंताचं नव्हे. कोवळ्या फ्लूकपर्यंत पोचणारं ट्रायक्लाबेंडाझोल. मात्रा वजनावर ठरते आणि अंदाजानं कमी पाजलं तर जंत औषधाला सरावतात, तेव्हा छातीचा घेर मोजून वजन काढा. यातलं दुभत्या गायीला काय चालतं आणि दूध किती दिवस डेअरीला घालायचं नाही, हे बाटली फोडण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्या.