अलेक्सांद्र अलेक्सांद्रव: रेड आर्मीच्या आवाजामागचं चर्च

२५ डिसेंबर २०१६ रोजी सीरियाकडे निघालेलं रशियन लष्करी विमान सोचीजवळ काळ्या समुद्रात कोसळलं. ९२ जण गेले, त्यांतले ६४ एकाच संगीतपथकाचे होते: रेड आर्मीच्या, म्हणजे सोव्हिएत सैन्याच्या, जुन्या पथकाचे. त्या पथकाला ज्यांचं नाव आहे, ते अलेक्सांद्र अलेक्सांद्रव मुळात चर्चमधले वृंदनायक.

१८८३ साली रियाझान प्रांतातल्या प्लाखिनो गावी शेतकरी घरात त्यांचा जन्म झाला. गळा चांगला म्हणून लहानपणीच ते सेंट पीटर्सबर्गच्या कझान कॅथेड्रलमध्ये गाऊ लागले. रशियन ऑर्थोडॉक्स उपासनेत वाद्यं नसतात. खर्जापासून वरच्या पट्टीपर्यंत सगळा भार गळ्यांवर. रेड आर्मीच्या पथकाचा तो भरदार पुरुषी आवाज ऐकताना मला हीच तालीम ऐकू येते. १९१७ च्या क्रांतीनंतरही काही काळ ते मॉस्कोच्या ख्राइस्ट द सेव्हिअर कॅथेड्रलचा वृंद सांभाळत होते. १९३१ साली सरकारने ते कॅथेड्रल सुरुंग लावून पाडलं. त्याआधीच, १९२८ साली, अलेक्सांद्रव यांनी लष्करासाठी पथक उभं केलं होतं. माणसं अवघी १२: आठ गायक, दोन नर्तक, एक बायानवादक (बायान म्हणजे रशियन अकॉर्डियन) आणि एक निवेदक.

२२ जून १९४१ रोजी जर्मनीने हल्ला केला. दोनच दिवसांत लेबेदेव-कुमाच यांची ‘पवित्र युद्ध’ ही कविता वृत्तपत्रांत आली आणि अलेक्सांद्रव यांनी लगेच तिला चाल लावली. छपाईला सवड नव्हती. त्यांनी फळ्यावर खडूने स्वरलिपी लिहिली, गायकांनी ती वह्यांत उतरवून घेतली आणि मॉस्कोच्या बेलारूस्की रेल्वे स्थानकावर, आघाडीवर निघालेल्या सैनिकांपुढे गाणं झालं. सैन्याची कूचगीतं बहुधा दोन किंवा चार मात्रांत असतात, पावलं जुळावीत म्हणून. हे गाणं तीन मात्रांत आहे, तरी त्याचा जोर तसूभरही कमी पडत नाही. माझ्या मते त्यांची हीच सर्वांत मोठी रचना.

जगाला मात्र त्यांची दुसरी चाल जास्त परिचित आहे. १९४४ साली ती सोव्हिएत राष्ट्रगीताची चाल झाली. दोन वर्षांनी, दौऱ्यावर असताना, बर्लिनमध्ये ते वारले. पथकाची धुरा मुलाने, बरीस यांनी, घेतली. स्टालिनचं नाव असलेले शब्द पुढे अडचणीचे ठरले, तेव्हा १९७७ पर्यंत राष्ट्रगीत नुसतं वाजवलं जाई. सोव्हिएत संघ कोसळल्यावर चालही बाजूला पडली, पण २००० साली पुतिन यांनी ती परत आणली. नवे शब्द लिहिले सर्गेई मिखाल्कोव्ह यांनीच. १९४४ आणि १९७७ च्या शब्दांतही त्यांचाच हात होता.