हनगल साहेब 'अचानक' नट झाले नव्हते

ए. के. हनगल यांच्याबद्दल एक गोष्ट वर्षानुवर्षं फिरतेय, की मुंबईत कपडे शिवणारा एक म्हातारा शिंपी, कोणा डायरेक्टरला चेहरा आवडला आणि थेट पडद्यावर! ऐकायला भारीये, पण तसं झालेलं नाही.

शिंपीकाम ते करायचे हे खरंय, पोट त्याच्यावरच चालायचं. पण नाटक त्यांनी फाळणीच्या आधी पेशावरला असतानाच सुरू केलं होतं, मग कराचीत राजकीय कामापायी तुरुंग झाला, आणि 1949 साली मुंबईत आल्यावर बलराज साहनी, कैफी आझमी यांच्यासोबत इप्टा या नाट्यसंस्थेच्या नाटकांमध्ये शिरले ते शिरलेच. पहिला सिनेमा आला 1966 ला, 'तीसरी कसम', तोवर पन्नाशी गाठलेली. म्हणजे सिनेमात उशिरा आले, अभिनयात नाही, आणि लोक नेमकं इथेच गडबडतात.

'शोले'मुळे नाव झालं म्हणणारेही भेटतात. अहो, त्याआधीच 'गुड्डी', 'बावर्ची', 'नमक हराम' झाले होते! हां, तो आंधळा इमामचाचा घराघरात पोचला एवढं मान्य. मुलाचं प्रेत समोर असताना इतना सन्नाटा क्यूं है भाई असं विचारणारा तो आवाज आठवा, रडारड नाही, आरडाओरडा नाही, एवढा ताबा काय नशिबाने येतो का? आणि ते कायम बिचारे बापच वाटत असतील तर 1982 चा 'शौकीन' बघा, अशोक कुमार आणि उत्पल दत्त यांच्या जोडीला चावट म्हातारा झालेत, मला तर तिथेच जास्त आवडतात.