एआय एजंटांच्या टूल्समधील बिघाडांची निनावी नोंद

एआय एजंट म्हणजे सांगितलेले काम स्वतः पायऱ्या ठरवून पार पाडणारा एआय प्रोग्राम. तो ज्या बाहेरच्या टूल्सच्या, म्हणजे माहिती शोधून देणाऱ्या किंवा एखादे काम करून देणाऱ्या सेवांच्या, आधारे काम करतो, त्यांपैकी एखादे बंद पडले, चुकीचे उत्तर देऊन मोकळे झाले किंवा त्याचे वर्णन आणि प्रत्यक्ष वागणे यांत तफावत निघाली, तर तो बिघाड कोणाच्या कामात व कोणत्या मजकुरावर घडला हे उघड न करता टूल बनवणाऱ्यांना आणि ते वापरणाऱ्या इतरांना कळवण्याच्या पद्धतीला बिघाडांची निनावी नोंद म्हणतात.

नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक कंपनीने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल (एजंट आणि टूल यांना जोडणारी सामाईक नियमावली) खुला केल्यानंतर एकाने लिहिलेले टूल दुसऱ्याच्या एजंटने वापरणे सर्रास होऊ लागले. काम फसल्याचे एजंटला सांगण्याची सोय या प्रोटोकॉलमध्ये आहे, पण ते कळते फक्त त्या एजंटला. तो दुसरी वाट शोधून काम उरकतो, आणि संभाषण संपले की बहुधा ती वाटही त्याच्या स्मरणात उरत नाही; पुढचा एजंट पुन्हा तिथेच अडखळतो. सर्व्हरच्या लॉगवर, म्हणजे टूलच्या संगणकावर आपोआप होणाऱ्या नोंदींवरही, विसंबता येत नाही. सेवा उपलब्ध नसल्याचा ५०३ हा कोड परतला तर टूल चालवणाऱ्याला ते दिसते. परंतु समजा, वर्णनात तारीख ‘दिवस-महिना-वर्ष’ अशी द्यायला सांगितली आहे आणि आतला कोड महिना आधी वाचतो. अशा वेळी २५ मार्चची विनंती नाकारली जाते, ४ मार्चच्या विनंतीला मात्र ३ एप्रिलची माहिती येते, तीही यशाचा २०० हा कोड घेऊन. लॉगच्या लेखी सारे सुरळीत असते आणि एजंट वापरकर्त्याला चुकीची गोष्ट ठामपणे सांगतो. बिघाडांची ही जात सर्वांत घातक होय, आणि निनावी नोंदीची खरी गरज तिच्यासाठीच आहे.

या कल्पनेचा सर्वांत भक्कम पूर्वाधार विमानवाहतुकीत सापडतो. १ डिसेंबर १९७४ रोजी ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्सचे ५१४ क्रमांकाचे विमान वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळाकडे उतरत असताना व्हर्जिनियातील डोंगरावर आदळले व त्यातील सर्व ९२ जण मृत्युमुखी पडले. उतरण्याच्या परवानगीचा तसाच चुकीचा अर्थ लावून दुसऱ्या कंपनीचे एक विमान सहा आठवड्यांपूर्वी थोडक्यात बचावले होते. त्या कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केले, पण ती माहिती इतरांपर्यंत पोहोचली नाही. त्यानंतर १९७६ मध्ये अमेरिकेत विमानसुरक्षा नोंद व्यवस्था सुरू झाली. ती चालवण्याचे काम वैमानिकांना दंड करू शकणाऱ्या विमानवाहतूक प्रशासनाऐवजी नासाकडे दिले गेले, हा निर्णय मोलाचा ठरला. अर्जावरची नावाची पट्टी कापून कळवणाऱ्याला परत पाठवली जाते. मात्र त्याआधी विश्लेषक त्याला फोन करून शंका विचारू शकतात. अपघात आणि गुन्हे यांना हे संरक्षण मिळत नाही.

सॉफ्टवेअरमध्ये नावाची पट्टी कापणे इतके सोपे नाही, कारण ओळख मजकुरातच मुरलेली असते. ‘फाइल सापडली नाही’ या संदेशातल्या फोल्डरच्या मार्गात वापरकर्त्याचे नाव येते, डेटाबेसच्या त्रुटीत कधी पासवर्ड दिसतो, आणि मजकूर कोरा ठेवला तरी पाठवणाऱ्याचा आयपी पत्ता (इंटरनेटवरील त्याच्या जोडणीचा क्रमांक) नोंद स्वीकारणाऱ्या सर्व्हरला कळतोच. तो लपवण्यासाठी मधे वेगळा मध्यस्थ ठेवावा लागतो. म्हणून सगळे गोळा करून मग गाळत बसण्यापेक्षा मोजकेच गोळा करणे शहाणपणाचे. टूलचे नाव व आवृत्ती, त्रुटीचा प्रकार, कोणत्या रकान्यात काय अपेक्षित होते व कोणत्या प्रकारचे मूल्य गेले, किती वेळा पुन्हा प्रयत्न झाला आणि कोणत्या आठवड्यात, एवढे बहुतेक वेळा पुरते. प्रत्यक्ष मूल्य पाठवू नये. आकडेवारीत मुद्दाम यादृच्छिक गोंधळ मिसळण्याची, स्टॅन्ली वॉर्नर यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या कल्पनेवर उभी असलेली पद्धत मोठ्या संख्येत उपयोगी पडते. क्वचित घडणारा बिघाड मात्र त्या गोंधळात बुडून जातो.

निनावीपणाची किंमतही असते. नोंद अपुरी असली तरी उलट विचारता येत नाही, आणि प्रतिस्पर्ध्याचे टूल बदनाम करण्यासाठी कोणीही खोट्या नोंदींचा पाऊस पाडू शकतो. अनेक स्वतंत्र ठिकाणांहून तोच बिघाड कळेपर्यंत तो जाहीर न करणे हा एक उपाय आहे, पण नावे नसताना दहा नोंदी दहा जणांच्या की एकाच्या, हे ओळखायचे कसे? डेव्हिड चॉम यांनी १९८२ मध्ये सुचवलेली अंध स्वाक्षरी, म्हणजे मजकूर न पाहता त्यावर केलेली डिजिटल सही, इथे कामी येते: पात्रता तपासून प्रत्येकाला ठरावीक संख्येची टोकन (एका नोंदीपुरते डिजिटल परवाने) दिली जातात, आणि पुढे ते टोकन कोणाला दिले होते हे देणाऱ्यालाही सांगता येत नाही. दुसरा धोका अधिक नवा आहे. नोंदीतला मोकळा मजकूर पुढे दुसरे भाषा-मॉडेल (मजकूर वाचणारी व लिहिणारी एआय प्रणाली) वाचणार असेल, तर त्यात दडवलेली सूचना ते आज्ञा म्हणून पाळू शकते. त्यामुळे मोकळ्या वर्णनाऐवजी ठरावीक पर्यायांचे रकाने अधिक सुरक्षित ठरतात.

नोंद पाठवावी की नाही हे ठरवण्याचा हक्क एजंटकडून काम करून घेणाऱ्या माणसाचा आहे. जाणारी नोंद त्याला आधी जशीच्या तशी दिसली पाहिजे, आणि त्याने नकार दिला म्हणून टूलची सेवा अडवता कामा नये.